निवृत्तीची कुस्ती कोणती?

खोड म्हनलं ना ते नाव — आडवी रेघ मार अन् मोकळा हो. पेन नसंल त चुलीतला कोळसा घे. निवृत्ती मॅनेजर! तालमीच्या भिंतीवर, थोर मल्लांच्या पाटीवर अठरा नावं, अन् त्याच्यात अकरावं नाव निवृत्तीचं! कोनी घातलं बे हे? तू घातलं? दयारामचा शेखर ना तू, मास्तर झाला, शाळेत पोरं शिकवतं — अन् थोर मल्ल कोनाले म्हनते एवढं तुले समजत नाई? बस. इकडं बस, उजव्या हातानं — तिकडं वांग्याचं क्यारेट हाये, उलटं करशील. हां. मी वांगे निवडतो, तू आयक. उद्या मोताळ्याच्या बाजारात माल न्यायचा हाये, दोन किडके निघाले त व्यापारी सारं क्यारेट वापस करते. तुह्या यादीचंही तसंच करा लागते, हातात घेऊन एक एक पाहा लागते.

नियम कोनी केला? मीच केला. समितीच्या बैठकीत उभं राहून सांगतलं होतं म्या — ज्यानं लंगोट कसून मातीत पाय टाकला नाई त्याचं नाव पाटीवर येनार नाई, मंग तो सरपंचाचा बाप असो. चार रकाने पाडाले लावले, तुलेच — नाव, गाजलेली कुस्ती, साल, साक्षीदार. पाय बरं आता. पैलं नाव कोनाचं? इंद्रभान पैलवान. म्हंजे मी. कुस्त्या एकशे सहा, हार एकही नाई. हाव, तसंच पाह्यजे. मंग खाली ये. गोविंदा — पुढं कुस्ती हाये, साल हाये. त्या गोविंदाचं बोट मोडलं होतं कुस्ती सुरू झाल्याबरोबर, असं उलटं झालं होतं पाठीकडं, लोकं म्हने सोड, त त्यानं बोट लंगोटात खोसलं अन् एका हातानं गडी चीत केला. याले मल्ल म्हनते. ज्ञानेश्वर — त्याचीही कुस्ती हाये, साल हाये. अन् अकराव्या नावापुढं? कोरा. कुस्ती नाई, साल नाई. नुसता साक्षीदाराचा रकाना मोकळा ठेवला अन् माह्या सहीसाठी कागद घेऊन आला, काऊन की त्या काळचा आखाड्यावरचा, त्याच्याशिवाय, मी एकटाच उरलो. उद्या पेंटर येते म्हने. येऊ दे ना. सतरा नावं लिहील अन् जाईल.

काय म्हनतं? टीव्हीवरच्या कुस्तीत धरते? कायले धरते — मॅनेजरले? थोर लढवय्यात? कोट घालून, हातात माइक घेऊन बाहेर उभा राह्यते तो? हाव, पाह्यलं म्या, नातू लावते ते. खुर्च्या मारते एकमेकाच्या टकुऱ्यात, अन् तो कोटवाला मधातच दोरीवर चढते, पंचाचं ध्यान हटवते, मंग मार खाऊन पडते अन् लोकं टाळ्या वाजवते. ती कुस्ती हाये का बापा? अन् तिथंही धरते की नाई याच्यावर भांडनंच चालू हायेत म्हनतं ना तू? मंग! जे त्याईले त्याईच्या खोट्या कुस्तीत ठरवता नाई येऊन राह्यलं, ते तू आमच्या मातीत ठरवून मोकळा झाला. शाब्बास मास्तर!

तू जन्मला नव्हता तवाचं सांगतो. निवृत्ती म्हंजे कसा — दंड असा की माह्या चार बोटात मावे. कापसाच्या जिनिंगमधी हमालांची हजेरी लिहे. आखाड्यावर सगळे धोतरवाले, लंगोटवाले, अन् हा इस्त्रीची पँट, खिशाले पेन, काखेत रेक्झिनची बॅग. कोनी विचारलं तुमी कोन, त म्हने मी पैलवानाचा मॅनेजर. मॅनेजर! बँकेत असते मॅनेजर, शिनिमाच्या टाकीत असते. कुस्तीत वस्ताद असते. वस्ताद मातीत उतरते, पट्ठ्याले घुसळते, चुकला की कानाखाली देते. यानं मले एक डाव शिकवला नाई. शिकवनार काय, ढाक कोनती अन् टांग कोनती हे त्याले मरेलोक समजनार नाई. बॅगीत काय असे? माहा लंगोट, तेलाची शिशी, दोन निंबं, अन् त्याचा सोताचा कंगवा. आंगाले माती लागू नये म्हनून आखाड्यापासून दोन हात दूर उभा राहे. असा मल्ल!

मंग करे काय? नाचे. इकडं जोड लागली, हाताले हात लागला, डफडे सुरू झाले — की हा सुटला. आखाड्याच्या कडीकडीनं पळे. टोपी काढून जमिनीवर आपटे. छाती बडवे, गालात मारून घे, गुडघ्यावर बसून देवाले हात जोडे. अन् शिव्या! समोरच्या गड्याले नाई — मले! सोताच्या पैलवानाले! 'अबे हेल्या!' 'अबे बैताडा!' 'जाय घरी, भाकरी थाप!' चार-पाच हजार मानूस हसून हसून लोळे. लेकरं त्याच्या मांगं मांगं पळत. माही माय झुंबरबाई एकडाव मोताळ्याले कुस्त्याच्या दंगलीले आली होती, बैलगाडीत बसून पाहून राह्यली होती, तिनं आयकलं हे सारं — घरी आल्यावर निवृत्तीले जेवाले वाढलं नाई तिनं. दोन दिवस हा उंबऱ्याशी येऊन उभा राहे अन् माय त्याच्याकडं पाठ करून भाकरी थापे. तिसऱ्या दिशी वाढलं, पन बोलली नाई.

अन् लोकं त लोकंच! देऊळगाव राजाच्या दंगलीत म्या जालन्याकडचा गडी चीत केला. सतरा मिनिटं चालली ती कुस्ती, माहे कान फाटले होते, रगत मानेवरून खाली. अन् लाउडस्पीकरवाला काय म्हने? 'पैलवान जोरात, पन मॅनेजर त्याच्याहून जोरात!' आता सांग, खांद्यावर कोनाले घेतलं असंल लोकाईनं? त्याले! घाम माहा पडला, अन् फेटा त्याच्या टकुऱ्यावर. मी तिथीसा लंगोटात उभा, आंगावरची माती वाळून खाजवून राह्यली, अन् माह्याकडं पाहाले एक मानूस नाई. अन् तो खांद्यावर बसून हात हालवून राह्यला. खाली उतरवा, उतरवा म्हनून हालवत होता म्हने, नंतर सांगे — कोन इस्वास ठेवते? मले राग आला. काऊन नाई येनार? खोटं कायले सांगू तुले, जळलो मी त्याच्यावर. एका बावळ्या हजेरीवाल्यावर जळलो.

काय? शिव्या देत होता तवा काऊन चिडलो नाई? चिडाचं कायले, त्या शिव्याच नव्हत्या. ठरवून होतं ते. 'हेल्या' म्हनला की समजाचं हात येऊन राह्यला मानेवर. 'बैताडा' म्हनला की पाय घालून राह्यला. 'घरी जाय' म्हनला की गडी मांगं चालला. अन् 'तुह्या मायनं काय खाऊन जनमाले घातलं' म्हनला की उचल त्याले, आता मोकळा हाये. सोपं होतं एकदम. समोरचा हसे अन् हसता हसता आपटला जाय. डाव्या अंगाची खबर तो दे, उजव्या अंगाचं मी पाहून घे... डाव्याच अंगाची काऊन? असंच. ठरलं होतं तसं. आता याच्यात विचारासारखं काय हाये? असं काऊन पाहून राह्यला माह्याकडं? मास्तर हाये का पोलीस हाये तू?

बरं, आयक. अन् कोनाले सांगजो नको. हा डावा डोळा पाय. पुतळी फिरते, पापनी लवते, वरून काहीच कमी नाई. आत अंधार. नऊ वर्साचा होतो, विटी लागली, इथीसा, भिवईच्या खाली. महिनाभर सूज होती, सूज गेली त उजेडही गेला. माय म्हने कोनाजोळ बोलू नको, एका डोळ्याच्या पोराले पोरगी कोन देईल. मंग कुस्ती लागली. अन् कुस्तीत हे बोलून चालतच नाई — एका गड्याले समजलं की याची डावी बाजू आंधळी हाये, त दर गावचा दर पैलवान डावीकडूनच येईल ना. म्हनून गप. सोजरासंगं बेचाळीस वर्स संसार केला, तिलेही सांगतलं नाई. तिनं विचारलंही नाई. पन ताट नेहमी उजवीकडून ठेवे, हे तिच्या मांगं माह्या ध्यानात आलं. अन् निवृत्तीलेही म्या सांगतलं नव्हतं. रोहिनखेडले कुस्ती झाल्यावर मी दगडावर बसलो होतो, त्यानं पान्याचा गिल्लास डावीकडून पुढं केला. मले दिसला नाई. पुन्हा केला. पुन्हा दिसला नाई. मंग तो उठला, फिरून उजवीकडं आला अन् गिल्लास माह्या हातात देल्ला. बोलला काहीच नाई. पुढच्या दंगलीपासून याचं नाचनं सुरू झालं. शिव्याची भाषाही त्यानंच काढली, गाडीत बसल्या बसल्या. आखाड्याभोवती गोल गोल पळे ते साऱ्या लोकाईले दिसे. माह्या डाव्या अंगाले राहासाठी पळे, हे कोनाले दिसलं नाई. मी फिरलो की तो फिरे. अकरा वर्स.

म्हनून काय झालं? सांगनं म्हंजे लढनं हाये का? बस-स्टँडवरही लाउडस्पीकरवर सांगते, मलकापूर गाडी लागली म्हनून — गाडी तो चालवते का? मान मोडाची पाळी कोनाची? माही. रगत कोनाचं? माहं. त्याचं काय गेलं — दोन टोप्या फाटल्या असतीन अन् गळा बसला असंल. कुस्ती झाली की चार दिस त्याचा आवाज निंघत नसे, जिनिंगमधी हमालाची नावं पुकारता येत नसत, खुनेनं हजेरी घे. मालक बोलला त्याले त्याच्यापायी, कामावरून काढतो म्हने. बोलू दे. म्या सांगतलं होतं का वरडाले? ... नव्हतं सांगतलं. तेच म्हनून राह्यलो ना मी. म्या कवाच काही सांगतलं नव्हतं त्याले. जे सांगतलं ते एकदाच सांगतलं.

देऊळगाव राजानंतर पंधरा दिसानं जळगाव जामोदची दंगल होती. गाडीत बसाच्या आगुदर म्या म्हनलं, निवृत्ती, तू येऊ नको. अन् आला त तोंड उघडू नको. लोकाईले पाहू दे पैलवान कोन हाये. तो म्हने, इंद्रभान, डावीकडचं कसं करशील? म्या म्हनलं, माहं मी पाहीन. तरी तो बॅग घेऊन उभाच. मंग म्या शपथ घातली त्याले — आखाड्यावर एक शब्द काढला त माहं मेलेलं तोंड पाहशील. बॅग त्याच्या हातातून घेतली अन् गेलो. अन् तिथं गेलो त — काही नाई. ताप आला. थंडीताप. उतरलोच नाई आखाड्यात. साऱ्या गावाले माहीत हाये ते, तुह्या बापाले विचार. मंग काही दिसानं कुस्तीच सोडली, शेतीत ध्यान घातलं, माळव्यात, भाजीपाल्यात. झालं. लिहू नको! काय लिहून राह्यला तू? ठेव ते पेन खाली.

ताप-बीप काही नव्हता. तू विचारलंही नाई अन् मी सांगून राह्यलो — काऊन सांगून राह्यलो काय माहीत. दीड मिनिट, मास्तर. बऱ्हानपूरकडचा एक पोरगा होता, मिसरूड फुटलं नव्हतं त्याले. तो डावीकडं सरकला. मी उभा. कान लावून उभा — अकरा वर्साची सवय ना — डफडे वाजून राह्यले, लोकाईचा कल्ला, अन् तो एक आवाज नाई. वाट पाहत राह्यलो बापा मी. आता म्हनंल हेल्या, आता म्हनंल बैताडा. पाठीले माती लागली तवा समजलं की कुस्ती झाली. पडल्या पडल्या मान वळली अन् तो दिसला. आला होता हरामखोर! दुसऱ्या गाडीनं आला होता, आपल्या गावचा तेवढा तो एकटाच. पैल्या रांगीत बसून होता, दुपट्टा तोंडात कोंबला होता, दोन्ही हातानं दाबून धरला होता, अन् डोळ्यातून पानी वाहून राह्यलं होतं. शपथ पाळली! कोनी सांगतलं होतं पाळाले? पैलवान तिथीसा माती खाऊन राह्यला अन् हा शपथ पाळते! एक शब्द, एक 'हेल्या' म्हनला असता त काय मेलो असतो मी? असं असते का मॅनेजर? त्या दिसापासून म्या लंगोट सोडला अन् त्याच्याशी बोलनंही सोडलं. सत्तेचाळीस वर्स झाले. वाटेत दिसला त मी रस्ता बदले. लग्नाच्या पंगतीत समोर बसवला त मी उठून गेलो. चूक त्याची हाये. त्याचीच हाये ना?

कोनाकडं? निवृत्तीकडं? तू कवा गेलता — काल? मोताळ्याले, पोरीच्या घरी? कसा हाये? ... नको सांगू. उठता येते का त्याले? ... खाटेवरच. बरं. मंग तू विचारलं असशील त्याले, बाबा तुमची गाजलेली कुस्ती कोनती, रकाना कोरा हाये म्हनून. काय म्हने? ... मी नुसता वरडत होतो, म्हने. माही कायची कुस्ती, नाव काढून टाका, म्हने. हं. पाय, तोही तेच म्हनून राह्यला जे मी म्हनतो. मंग तरी तू नाव ठेवलं? ... अन् काय म्हने? जळगाव जामोदचं? त्याले कोनी विचारलं जळगाव जामोदचं! ... त्यानंच काढलं. मंग? बोल ना बे, मंग काय म्हने तो?

थंडीताप होता म्हने. म्या माह्या हातानं काढा करून पाजला, म्हने. पैलवान आखाड्यात उतरलाच नाई, पैलवान कवाच हारला नाई, लिहून घ्या म्हने. असंच म्हने? तू तुह्या मनानं त नाई जोडून राह्यला? ... त्याची पोरगी सुचिता होती तिथं? पोरीदेखत म्हने?

खोटं बोलते हरामखोर. अजूनही खोटं बोलते. कोन पाहून राह्यलं आता त्याले, ना डफडे ना लोकं, खाटेवर पडून हाये, मरनाले टेकला — अन् अजूनही तेच! सत्तेचाळीस वर्स मी त्याच्या तोंडावर थुकलो नाई एवढंच, बाकी सारं केलं, गावभर त्याले नाच्या म्हनलो, आज सकाळपासून तुह्याजोळ म्हनून राह्यलो. एक दिवस चौकात उभं राहून बोलला असता, हा आंधळा हाये, हा हारला — लोकाईनं आयकलं असतं त्याचं. एक दिवस. नाई बोलला. अन् पोरीलेही नाई सांगतलं. काढा पाजला म्हने! त्याले चहाही करता येत नसे.

उचल ते पेन. अकरावं नाव खोडलं का? खोडलं असंल त पुन्हा लिही, नीट लिही. निवृत्ती. गाजलेली कुस्ती — जळगाव जामोद. हाव, तेच सांगून राह्यलो, लिही. साल एकोनऐंशी. त्या दिशी आखाड्यात दोघंच लढले, एक तो बऱ्हानपूरचा पोरगा अन् एक हा, दुपट्टा तोंडात घालून. मी त नुसता उभा होतो. नियम? नियम मी केला होता, मी मोडला, समितीले सांग इंद्रभानले विचारा. साक्षीदार मी. अन् आता वर जाय, पैल्या नावावर. हार एकही नाई लिहिलं हाये ना तिथं? तिथं एक कर. अक्षरात लिही, आकड्यात नको, पेंटर चुकते. एक. दे, कुठं करू सही, बोट ठेव. इथीसा? ... झालं. घे तुहा कागद. जाय आता. नाई, मी नाई येत मोताळ्याले, मले माल भराचा हाये. जाय म्हनलं ना बे.